चौदा वहिवाटा आणि एक कौल

माणसाच्या अंगात चौदा वहिवाटा असतात, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी काशीदच्या एका रिसॉर्टमध्ये कळलं. त्याआधी चौतीस वर्षं मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. म्हणजे लोकांच्या जमिनी मोजत होतो. दुसऱ्याच्या बांधावरून जाणाऱ्या पायवाटा, गाडीवाटा, पाटाचं पाणी न्यायच्या वाटा, सगळ्या मी नकाशावर बोट ठेवून दाखवत असे. आणि माझ्या स्वतःच्या अंगात चौदा आहेत, त्यांतल्या निम्म्यांवर अतिक्रमण झालंय, याचा मला पत्ता नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

आमचं गाव नागाव आणि काशीद यांच्या मध्ये कुठेतरी आहे. नेमकं नाव सांगत नाही, कारण पुढे ग्रामसेवकाचा उल्लेख यायचा आहे आणि तो माणूस वाचतो.

आता मी रिसॉर्टमध्ये कशाला गेलो होतो, तर यूनुससाठी. यूनुस माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या वाडीमध्ये मेंदीचं कुंपण आहे, त्या कुंपणाला एक भगदाड आहे आणि ते आम्ही दोघांनी पाचवीत असताना पाडलेलं आहे. अख्ख्या तालुक्याच्या हद्दी मी कायम केल्या, ही एक तेवढी अजून केलेली नाही. यूनुस बावीस वर्षं मस्कतला होता. सहा वर्षांपूर्वी परत आला आणि तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला भगदाडातून येतो, माझ्या बायकोच्या, नूतनच्या हातचा चहा पितो, माझ्या दोनचार चुका काढतो आणि जातो. मला मोजणीसाहेब न म्हणता मोरू म्हणणारा गावात तो एकच उरलाय.

गेल्या दिवाळीत तो शहाळं काढायला शिडीवर चढला, शिडी सरकली आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण त्याचा मुलगा अदनान, जो पनवेलला नोकरी करतो, त्याच्या मनातून ते निघेना. एका रविवारी येऊन तो म्हणाला, "अब्बा, बस झालं. तुमच्यात आता ताकद राहिली नाही. इथे काही झालं तर मी तिकडून धावत येईपर्यंत कोण आहे? एकवीस तारखेला गाडी घेऊन येतो. घर बंद करू. तुम्ही आणि अम्मी कायमचे माझ्याकडे."

यूनुस म्हणाला, "बघू." सुगराभाभी, म्हणजे त्याची बायको, सुपाऱ्या सोलत होत्या, त्या सोलत राहिल्या. मी तिथेच बसलो होतो आणि सरळ सांगतो, मला भीती वाटली. साडेसहाला भगदाडातून कोणी आलंच नाही तर त्या चहाचं मी काय करू? घरी आलो तर नूतनने ताटात बांगडा वाढला होता आणि तो मला गेला नाही. बांगडा मला जात नाही, ही आमच्या घरातली आजाराची शेवटची पायरी आहे.

अदनानचा मुद्दा एकच होता: अब्बांच्यात ताकद नाही. म्हणजे ताकद आहे हे सिद्ध केलं की खटला निकाली! अशा विचारात असतानाच काशीदच्या शिबिराचं पत्रक माझ्या हाती पडलं. 'जीवनऊर्जा मोजा आणि संतुलित करा.' मोजा! हा शब्द वाचून मी घरात बसणं शक्यच नव्हतं.

शिबीर दोन दिवसांचं. शिकवायला अमिषा मॅडम होत्या, पुण्याच्या. त्यांनी सांगितलं ते असं: चिनी वैद्यकाप्रमाणे अंगातून ऊर्जा ठराविक मार्गांनी वाहते. हेच ते चौदा. प्रत्येक मार्गाची एका स्नायूशी जोडी. हात समोर सरळ धरायचा, तपासणाऱ्याने मनगटाच्या वर दोन बोटं ठेवून हलकेच खाली दाबायचं. हात टिकला तर मार्ग मोकळा. ढिला होऊन खाली गेला तर कुठेतरी अडलंय. मग नेमून दिलेल्या जागा चोळायच्या, पाणी प्यायला द्यायचं, परत दाबायचं. इतकंच नव्हे, तर शरीराला प्रश्न विचारला तरी ते उत्तर देतं. होकार असेल तर हात टिकतो, नकार असेल तर पडतो.

मॅडमनी भिंतीवर माणसाचा नकाशा टांगला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. मार्ग म्हणजे वहिवाट, अडथळा म्हणजे अतिक्रमण, दोन दिवसांत मी सगळं भाषांतर करून टाकलं. एक वहिवाट मात्र अशी निघाली, त्रिविध तापक नावाची, की तिला स्वतःचा अवयवच नाही. जठराच्या वहिवाटेला जठर आहे, मूत्राशयाच्या वहिवाटेला मूत्राशय आहे, या बाईला काही नाही. सातबाऱ्यावर नाव नाही, पण कब्जा आहे. अशी प्रकरणं मी नोकरीत पुष्कळ पाहिली होती, त्यामुळे मला तिचा धाक वाटला नाही. बाकीच्या शिबिरार्थींना वाटत होता.

पहिला प्रयोग घरीच केला. अन्न हातात धरून तपासणी केली की ते मानवतं की नाही हे कळतं, असं मॅडम म्हणाल्या होत्या. मी डाव्या हातात सुके बोंबील धरले, उजवा समोर केला आणि नूतनला दाबायला सांगितलं. हात जागचा हलला नाही. मग दुधी भोपळा धरला. हात धपकन खाली.

"बघ! तीस वर्षं सांगतोय, दुधी मला मानवत नाही. आता शास्त्राचा पुरावा मिळाला."

नूतन शांतपणे म्हणाली, "बोंबील परत धरा बघू." मी धरले. तिने पदर खोचला आणि दोन्ही हातांनी लोंबकळली. हात खाली गेलाच, मीही गेलो. "बोंबीलही मानवत नाहीत तुम्हाला," ती म्हणाली, "आठवडाभर दुधी." नवीन शास्त्राला सुरुवातीला घरचाच विरोध असतो, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

एक तारखेपासून यूनुसची मोजणी सुरू केली. आमच्या पडवीत, रोज सकाळी चहानंतर, एक तास. पडवीवरचं एक कौल यूनुसच्याच माडाचा नारळ पडून फुटलं होतं, त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली यायचा. यूनुसला मी त्या चौकोनात उभा करायचा. नोंदीसाठी माझं जुनं फील्ड बुक काढलं. पहिल्या दिवशी चौदांपैकी सहा वहिवाटा बंद निघाल्या.

"मोरू, गुदगुल्या होतात रे," यूनुस म्हणायचा.

"होऊ देत. ती पित्ताशयाची वहिवाट आहे."

"मस्कतला एक चिनी होता, तो सुया टोचायचा. तू निदान बोटं लावतोस. अल्लाची मेहरबानी."

पाचव्या दिवशी सहाच्या चार झाल्या. आठव्या दिवशी तीन. फील्ड बुकातला आलेख वर चालला होता आणि माझी छाती त्याच्यापुढे. म्हटलं, हे ज्ञान एका शेजाऱ्यापुरतं ठेवणं बरं नाही, केंद्र काढावं. आमचा सदू पेंटर होमस्टेच्या पाट्या रंगवून रंगवून चांगला तयार झालेला आहे. त्याला 'जीवनऊर्जा संतुलन केंद्र' लिहून दिलं. त्याने सुरुवात उजवीकडून केली, का ते विचारू नका, आणि डावीकडे पोचेपर्यंत फळी संपली. पाटीवर उरलं 'ऊर्जा संतुलन केंद्र'. "जीवन मागच्या बाजूला लिहू का?" असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून लोक विजेची बिलं घेऊन यायला लागले. एकाने तर मिक्सर आणला. मी त्यांना शांतपणे समजावत होतो, पण 'मग पंखा हळू का फिरतो' या प्रश्नाला चिनी वैद्यकात उत्तर नाही. शेवटी अधिकृत ओळख हवी म्हणून ग्रामपंचायतीत ना हरकत दाखल्याचा अर्ज केला. ग्रामसेवक सज्जन माणूस. त्याने संगणकात पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, यादीत किराणा आहे, सलून आहे, पिठाची गिरणी आहे. वहिवाट नाही. ऊर्जा एका ठिकाणी सापडते, तिथे टाकू?" मी चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस. अर्ज कुठेतरी टाकला जाणं म्हणजे अर्धं काम, हे मला माहीत होतं. म्हटलं टाका.

तो पडला 'अपारंपरिक ऊर्जा'मध्ये. चौथ्या दिवशी तालुक्याहून एक साहेब फाइल घेऊन आले. पडवीत उभे राहून त्यांनी वर बघितलं, फुटलेल्या कौलातून आभाळ बघितलं आणि विचारलं, "पॅनल इथेच बसवायचं ना?" मी म्हटलं, इथे माणसाच्या अंगातली ऊर्जा तपासली जाते. ते म्हणाले, "किती किलोवॅट?" मी एका सरकारी माणसाने दुसऱ्याकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं. त्यांना ते कळलं नाही. फाइलवर 'जागा योग्य, छप्पर दुरुस्त करणे' असा शेरा मारून ते गेले. शेऱ्यातला दुसरा भाग नूतन महिनाभर सांगत होतीच.

इथपर्यंत सगळं माझ्या ताब्यात होतं. खरा घोटाळा मनुबाईने केला. मनुबाई आमच्याकडे झावळ्या ओढायला येते. एके सकाळी ती माडाखाली उभी राहून यूनुसची मोजणी बघत होती. मी यूनुसला विचारलं, "काल पाणी पुरेसं प्यायलास का?" दाबलं, हात खाली गेला. यूनुस म्हणाला, "नाही प्यायलो, खरंय." मनुबाईच्या हातातली झावळी गळून पडली.

"सायेब! ह्यो तं कौल हाय!"

"कौल नाही मनुबाई, शास्त्र आहे."

"न्हाय कसा? गुरव द्येवाला फुलं लावतो नि इचारतो. तुमी मानसाला बोटं लावता नि इचारता. येकच की!" आणि तिने आपला हात पुढे केला. "माजी काळी कोंबडी अंडी घालती ती गवताच्या उडवीत का, इचारा."

मी दाबलं. मनुबाईचा हात पडला. म्हणजे नकार. मी तोंड उघडायच्या आत "पडला, पडला!" करत ती पळाली, कारण आमच्याकडे देवाच्या अंगावरचं फूल पडलं म्हणजे कौल मिळाला, असंच समजतात. उडवीत सात अंडी निघाली. माझ्या शास्त्राप्रमाणे ती तिथे असायला नको होती. पण सात अंड्यांपुढे शास्त्र कोण ऐकतो? संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मोजणीसाहेबांच्या बोटाला कौल मिळतो.

मग काय विचारता! बोरिंग कुठे मारू, म्हशीला कुणी बांधून ठेवलंय, पोरीचं स्थळ घ्यावं का, होडीचं इंजिन बदलू का, नुसती रीघ. एकाने बांधाच्या भांडणात हात पुढे केला. त्याच बांधाची मोजणी मी स्वतः केलेली होती, सहीशिक्क्यानिशी, आणि तो मला म्हणतो, "कागद राहू द्या साहेब, कौल सांगा." इतका अपमान माझा बदलीच्या ऑर्डरनेही झाला नव्हता.

त्यात धर्माजी गुरव आला. गावदेवीला कौल लावायचा मान त्याच्या घराण्याचा. पडवीच्या पायरीवर बसून म्हणाला, "साहेब, पाच पिढ्या आम्ही हे करतोय. तुमी बिनपरवाना कसे करता?"

"धर्माजी, हा कौल नव्हेच. उलट आहे. यात हात पडला म्हणजे नकार."

धर्माजी हसला. "असं कुठं असतं? उजवीकडचं फूल पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. पडायला तर पाहिजेच. न पडणं म्हणजे देव बोलतच नाही. तुमी सगळ्यांचा उजवा हात धरता. उजवा पडला, म्हणजे होकार."

दोन तास वाद झाला. तोडगा असा निघाला की रोज सकाळी धर्माजी पडवीत बसेल आणि प्रत्येक हाताचा निकाल दोन्ही पद्धतींनी सांगितला जाईल. मी म्हणायचं, "चिनी पद्धतीने नकार." तो म्हणायचा, "गावच्या पद्धतीने होकार." लोकांची काही तक्रार नव्हती. ज्याला जो हवा तो घेऊन तो खुशीत घरी जायचा. एवढा समाधानी पक्षकार मी आयुष्यात पाहिला नव्हता.

पण माझं लक्ष एकवीस तारखेवर. सोळा तारखेला फील्ड बुकात यूनुसच्या तेरा वहिवाटा मोकळ्या झाल्या, फक्त त्रिविध तापक उरला. मी ते पान नूतनपुढे धरलं. तिने चष्मा लावून बघितलं, काढला आणि म्हणाली, "अहो, पहिल्या दिवशी तुम्ही तीन बोटांनी दाबत होतात. परवा दोन होती. आज एकच होतं, आणि तेही मनगटाला टेकलं नव्हतं."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मी समोर वाल सोलत बसते. दुसरं बघायला आहे काय तिथे?"

मी तिच्याशी दिवसभर बोललो नाही, आणि त्याचं कारण ती चूक होती हे नव्हतं. मोजणीत एक गोष्ट असते. साखळी ढिली धरली की जमीन जास्त भरते, ताणली की कमी. कितीदा लोकांनी मला चहा पाजून, आंब्याची पेटी दाखवून म्हटलं, साहेब, जरा ढिली धरा. चौतीस वर्षांत मी कुणासाठी साखळी ढिली धरली नाही. सख्ख्या मामासाठीही नाही, त्याने मरेपर्यंत मला दिवाळीला बोलावलं नाही. आणि आता यूनुस जाऊ नये म्हणून मी रोज सकाळी एकेक बोट उचलत होतो. मला माझीच लाज वाटली. पण वहीतलं पान मी फाडलं नाही, कारण एकवीस तारीख पाच दिवसांवर होती.

आणि ती चार दिवस आधीच उजाडली. सतराला सकाळी अदनानने घरी फोन केला. तो सुगराभाभींनी घेतला. नंतर त्यांनीच आम्हाला सगळं सांगितलं, ते असं.

"अम्मी, अब्बा कुठेयत?"

"मोरूभाऊंकडे गेलेत. कौल लावायला."

"काय? कौल लावायला? या वयात?"

"अरे, रोजच जातात. तासभर लागतो."

"रोज? आणि धरतं कोण त्यांना?"

"मोरूभाऊ धरतात ना. अब्बा नुसते हात सरळ करून उभे असतात."

"अम्मी! आणि पडले म्हणजे?"

"पडला तर धर्माजी आहेत की सांगायला."

फोन बंद झाला. अदनान लहानपणापासून उर्दू शाळेत आणि नंतर पनवेलला. देवळातला कौल त्याच्या कधी कानावर पडलेला नाही. त्याला कौल म्हणजे छपरावरचं ठाऊक. चार महिन्यांपूर्वी शिडीवरून पडलेला बाप रोज तासभर माझ्या छपरावर हात पसरून उभा असतो, मी एकटा त्याला धरतो आणि तो पडला तर कळवायला एक गुरव नेमलेला आहे, एवढं त्याला समजलं. पनवेल ते आमचं गाव तो अडीच तासांत आला. गाडीचं दार उघडं टाकून अंगणात शिरला आणि छपराकडे बघून ओरडला, "अब्बा! उतरा खाली! आधी उतरा!"

छपरावर एक कावळा होता. तो उतरला.

यूनुस पडवीतल्या खुर्चीवर चहा पीत होता. "उतरलोय," तो म्हणाला.

अदनानला सगळं समजावून सांगायला अर्धा तास लागला. सगळे एकदम समजावत होते. समजल्यावर तो आणखीच भडकला. "मोरूकाका, सिरियसली? मी तिकडे टेन्शनने मरतोय आणि तुम्ही इथे अब्बांचा हात वरखाली करताय?"

"वरखाली नाही. मोजणी." मी फील्ड बुक उघडून पुढे केलं. "तेरा वहिवाटा मोकळ्या. तुझ्या अब्बांच्यात ताकद आहे, हे इथे नोंदवलेलं आहे."

त्याने पान बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ठीक आहे. एवढा भरवसा आहे ना तुमचा याच्यावर? मग विचारा. माझ्यासमोर विचारा. अब्बांनी माझ्याकडे यायचं की नाही?"

पडवीत मनुबाई होती, धर्माजी होता, होडीचा इंजिनवाला होता, भगदाडातून सुगराभाभी येऊन उभ्या राहिल्या होत्या. यूनुस उठला, उन्हाच्या चौकोनात उभा राहिला आणि त्याने उजवा हात समोर धरला.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा पुरता मोरू झालाय. यूनुसमध्ये ताकद आहे हे दाखवायचं, तर हात टिकायला हवा. पण हात टिकला म्हणजे उत्तर होकार, म्हणजे पनवेल. हात पडला तर उत्तर नकार, म्हणजे यूनुस इथेच. पण मग ताकद नाही हे सिद्ध, म्हणजे पुन्हा पनवेलच! सतरा दिवस मी जो हात पडू नये म्हणून झटत होतो, तो आता पडावा म्हणून मला तीन बोटं लावावीशी वाटत होती. तीन काय, नूतनसारखं लोंबकळावंसं वाटत होतं.

मी बोटं उचलली आणि तशीच हवेत राहिली. मनगट समोर होतं. पाचवीपासून ओळखीचं मनगट. मी वळलो. "अदनान, ही वही खरी नाही. मी हळूहळू कमी दाबत गेलो. तुझे अब्बा जाऊ नयेत म्हणून. उद्या सकाळी कोण येणार माझ्याकडे, या भीतीने. चौतीस वर्षांत पहिल्यांदा साखळी ढिली धरली. आता दोन बोटं लावतो, नियमाप्रमाणे, आणि जे येईल ते येईल."

मी वळून दोन बोटं पुढे केली. माझी बोटं वीतभर अंतरावर असतानाच यूनुसचा हात खाली पडला.

"अब्बा! तुम्ही स्वतः खाली केलात!" अदनान ओरडला.

"चिनी पद्धतीने नकार," मी घाईघाईने म्हणालो. सवय.

"उजवा पडला," धर्माजी म्हणाला. "गावच्या पद्धतीने होकार. जायचं." लगेच मनुबाई म्हणाली, न्हाय, बोट लागलंच न्हाय तर कौल कसला? धर्माजी म्हणाला, फुलालाही कोणी बोट लावत नाही. इंजिनवाला म्हणाला, परत घ्या. पडवीत नुसता कालवा.

"गप्प बसा!" यूनुस म्हणाला. तो कधी आवाज चढवत नाही. "धर्माजी, तुझा कौल फुलांचा. मोरूचा बोटांचा. माझ्या लेकाचा मंगळुरी. पण मला मौलवींनी शिकवलाय तो कौल वेगळा. कौल म्हणजे जबान. दिलेला शब्द." तो अदनानकडे वळला. "मी मस्कतहून कायमचा आलो तेव्हा विमानतळावर तू होतास. तुझ्या अम्मीला मी काय म्हणालो होतो?"

अदनान हातातली गाडीची किल्ली फिरवत राहिला.

"म्हणालो, सुगरा, बावीस वर्षं वाडी तू एकटीने शिंपलीस. आता इथेच राहायचं आणि दोघांनी शिंपायची. हा माझा कौल. मला सहाच वर्षं झालीत रे. सोळा राहिलीत."

"मग अब्बा, तेव्हाच का नाही बोललात? नुसतं बघू म्हणालात."

"तू माझ्या काळजीनेच बोलत होतास, तुझं मन कसं मोडू? म्हटलं, हा मोरू दाबेल, हात पडेल आणि दोष चिन्यांवर जाईल. सतरा दिवस वाट बघतोय. तर हे गाढव दाबतच नव्हतं! आणि आज दाबायची वेळ आली तर इमानदारी काढून बसलं!"

अदनान आईकडे बघत होता. "अम्मी, तू पण कधी काही बोलली नाहीस."

"तू विचारलंस कुठे?" सुगराभाभी म्हणाल्या. "तू तारीख सांगितलीस. मी येत नाही. दुआच्या परीक्षेला येईन, चार दिवस, नातीला रोज ताजं खाऊ घालेन आणि परत येईन. सुपारी राहिली आहे माझी."

माझे डोळे भरून आले. डोळ्यांत धूळ गेली म्हणावं, तर पडवी नूतनने सकाळीच झाडली होती. ती स्वतःही पदराने डोळे पुसत होती आणि मला बघितल्यावर म्हणाली, "वाल तिखट आहेत."

अदनान पायरीवर बसला. नूतनने त्याला चहा दिला, तो त्याने पूर्ण प्यायला. मग म्हणाला, "एक अट. शिडीवर चढायचं नाही. माडावर नाही, छपरावर नाही, स्टुलावरसुद्धा नाही. कौल?"

यूनुसने त्याच्या हातावर हात ठेवला. "कौल."

अदनानने मान वर केली. उन्हाचा चौकोन त्याच्या तोंडावर पडला होता. "आणि काका, हे फुटलेलं कोण बदलणार? परत हेच दोघं चढतील." असं म्हणून त्याने बूट काढले, पॅन्ट दुमडली, मागच्या बाजूला रचलेल्या कौलांतलं एक उचललं आणि शिडी लावली. पनवेलच्या ऑफिसातला मुलगा, तासाभरापूर्वी बापाला जिथून खाली बोलवत होता तिथेच कौल लावायला चढला. धर्माजी म्हणाला, "हा बरोबर आहे. यात दोन पद्धती नाहीत."

शिडी आम्ही दोघांनी धरली, मी एका बाजूने, यूनुस दुसऱ्या. त्याचा डावा हात, मोडलेला तो, शिडीच्या दांडीवर होता. मी हळूच त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि दाबून बघितलं. दोन्ही बोटं, पूर्ण, नियमाप्रमाणे. हात हलला नाही.

यूनुसने वर पोराकडे बघत बघतच म्हटलं, "मोरू, शिडी धर. वहिवाटा उद्या बघू, चहाच्या वेळी."